भाविकच्या नावाचं जनावर

१

दापोड्याच्या गोडाऊनचं शटर रोज सकाळी भाविकच उघडायचा, आणि उघडताना रोज काहीतरी आगाऊपणा करायचा. आत चिटपाखरू नसताना वाकून "या साहेब, बसा, चहा सांगू?" म्हणायचा. नाहीतर हमाल महादूला गंभीर तोंडाने सांगायचा, की कापडाचे तागे काल आपसात भांडत होते, दोघांना समजावून बाजूबाजूला झोपवलंय, हलवू नको. महादूने भाविकला चड्डीत बघितलेलं. तो तंबाखू मळत एवढंच बोलायचा, "तुझं लगीन झालं का समदं उतरंल."

प्रॅंकच्या बाबतीत भाविकचं गावात नाव होतं. मागल्या वर्षी त्याने पॅकिंगच्या प्लास्टिकचा नाग बनवून दाजींच्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेला. दाजी स्कूटरवरून उतरायच्या आत स्कूटरच दाजींच्या अंगावर उतरली. दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. घरजावई माणूस, त्यामुळे ओरडायचं असलं तरी घराच्या बाहेर जाऊन ओरडायचा.

तर त्या दिवशी, थंडीचे दिवस होते, भाविकने शटर वर केलं आणि पायाशीच त्याला प्लास्टिक दिसलं. पॅकिंगचं पातळ प्लास्टिक कोणीतरी शटरपासून सरळ आत उलगडत नेल्यासारखं. ताग्यांच्या दोन रांगांच्या मधून ते जे गेलेलं, ते पार मागच्या भिंतीपर्यंत. भाविकला महादूचा राग आला. माल फुकट घालवतो म्हातारा. त्याने ते उचललं, आणि ते कुरकुरलं. प्लास्टिक तसं कुरकुरत नाही.

त्यावर खवले होते. पोटाकडचा एकेक खवला ताटलीएवढा.

शटरकडच्या टोकाला तोंड होतं, उघडं, एखाद्या गोणीसारखं. भाविकचं डोकं त्यात आरामात बसलं असतं. त्याने बसवून पण बघितलं. मग सेल्फी काढला. मग त्याला भीती वाटली. आयुष्यात त्याचा क्रम नेहमी हाच.

महादू आला, बघून हसला. "ह्या टायमाला बरा जमलाय तुला."

"काका, आईशप्पथ मी नाय केलं."

"स्कूटरच्या टायमाला पन आईचीच शप्पथ घेतलेली तू."

दाजी आले ते गेटपाशीच थांबले. लांबून बघितलं, आणि मोबाईल कानाला लावून निघून गेले. मोबाईल वाजलेला भाविकला काही ऐकू आला नाही.

घर गोडाऊनच्या मागेच. रस्त्याला गोडाऊन, मागे घर, दोघांच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी बोळ. भाविक धावत स्वयंपाकघरात गेला. आक्का भाकऱ्या थापत होती. आक्का त्याची बहीण, पण वयाने एवढी मोठी की लोकांना आईच वाटायची. आई गेली तेव्हा भाविक लहान होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून झोडपण्यापर्यंत सगळं आक्काने केलं. तो फोटो दाखवायला लागला आणि आक्का आता लाटणं काढणार म्हणून दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

आक्काने फोटो बघितला. हसली नाही, चिडली नाही.

"तोंड कुठल्या अंगाला व्हतं?"

"शटरकडे. म्हणजे रस्त्याने पळालं असणार. टेन्शन नको घेऊ."

आक्का तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकरी काळी पडली, धूर झाला, तिची मुलगी करिष्मा अभ्यास सोडून खोकत आली, तरी आक्का उठली नाही. आक्काच्या हातची भाकरी करपलेली भाविकने जन्मात पहिल्यांदा बघितली. आपल्या प्रॅंकला एवढं यश आधी कधी आलं नव्हतं, आणि नेमका या वेळेस तो प्रॅंक नव्हता.

२

रिया वाडीतली. शाळेत भाविकच्या बाकावर बसायची. तिच्या डब्यात त्याने एकदा रबराची पाल टाकलेली, तर ती रडली नाही, पाल घरी नेऊन तिने पालीच्या पायाची बोटं मोजली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "एक बोट कमी आहे, नकली आहे." आता ती मुंबईत सापांवर संशोधन करत होती.

भाविकने पाठवलेला फोटो बघून ती आली आणि तिने पहिलं काम केलं ते म्हणजे कातीचा कोपरा लायटरने जाळला. जळक्या केसांचा वास सुटला.

"सॉरी," ती म्हणाली. "तुझा इतिहास माहितीय म्हणून."

मग ती जमिनीवर बसली ती उठेचना. भाविक तिच्यामागून टॉर्च धरून फिरत होता. बाहेर ट्रकांची घरघर, कोणाचा तरी रिव्हर्स हॉर्न, रोजचं सगळं. आत रिया एकेक खवला बोटाने चाचपत होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती.

"अजगर ना?" भाविकने विचारलं.

"नाही."

"मग अजगराचा मोठा भाऊ?"

"भावकीतला पण नाही." ती तोंडाच्या टोकाशी आली. "हे बघ. हे काय दिसतं?"

"पापणी."

"सापाला पापणी नसते. साप डोळे मिटत नाही कधी. आणि हे?"

डोळ्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक भोक होतं. कडा गोल, सुबक, मुद्दाम पाडल्यासारखी.

"कान," रिया म्हणाली. "सापाला बाहेरून कान नसतात. हाडातून थोडंफार कळतं त्याला, बस. पापणी आणि कान दिसले की तो साप नाही, सरड्यातला प्रकार, असं मी स्वतः पोरांना शिकवते. पण जबडा सापाचा आहे, खवले सापाचे आहेत. आमचे सर हे बघून एकतर नाचतील, नाहीतर राजीनामा देतील."

"म्हणजे याला आपलं बोलणं ऐकू येतं?"

"मस्त येत असणार. तुझ्यापेक्षा बरं." तिने मागे वळून कातीच्या लांब गेलेल्या टोकाकडे बघितलं. "तू आक्काला काय सांगितलंस, रस्त्याने गेला? उलटं सांगितलंस रे. कात मोज्यासारखी निघते. तोंडाकडून सुटते आणि साप पुढे सरकत बाहेर येतो. तोंड पडतं मागे. शेपटी जिकडे, तिकडे तो गेला."

शेपटी मागच्या भिंतीला टेकलेली. भिंतीपलीकडे बोळ, बोळीपलीकडे घर.

"भिंत पक्की हाय आपली," दाजी म्हणाले. ते कधी येऊन शटरबाहेर उभे राहिलेले, कळलंच नव्हतं. आणि भिंतीचं त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली. पाठोपाठ करिष्मा, मामाचा हात धरून उभी राहिली. हे जरा नवीन होतं, कारण आक्का गोडाऊनच्या आत कधी येत नसे. ती यायची मागच्या दाराशी, बोळीत. रोज भर दुपारी एक ताट ठेवायची आणि "काशी, ए काशी" अशी हाक मारून परत जायची. काशी त्यांच्या आईचं नाव. लोक पितरांना वर्षातून एकदा जेवू घालतात, आक्का रोज घालायची. सगळ्यांच्याच घरी असं करतात असं भाविकला बरीच वर्षं वाटायचं. लहानपणी त्याने एकदा गंमत म्हणून ते ताट स्वतःच खाऊन टाकलं. त्या दिवशी बसलेला मार अजून पाठीला आठवत होता. अलीकडे मात्र ताट जसंच्या तसं परत यायचं. कावळेसुद्धा शिवत नव्हते.

"नवीन हाय म्हंजे, आजून कोनी नावच न्हाय दिलं त्याला?" आक्काने रियाला विचारलं.

"नाही काकू. आता देणार. स्वतःचं नाव आपण नाही देत, बरं दिसत नाही. मी बाबांचं द्यायचं म्हणतेय. कोंडूचं. मला पहिला साप त्यांनीच दाखवलेला."

"भाविकचं दे."

भाविकने चहाचा कप ताग्यावर ठेवला. आक्काने आजवर त्याला शिव्या सोडून फारसं काही दिलं नव्हतं.

"त्यालाच गावलं ना ते?" आक्का म्हणाली. "त्याचा मान हाय."

रियाने भाविककडे बघितलं. भाविकने विनोद शोधला, एरवी तो खिशातच असायचा, पण त्या वेळेला सापडला नाही. जगातल्या सगळ्या पुस्तकांत त्याचं नाव. आणि ते मागितलं कोणी, तर आक्काने.

"चालेल," रिया हसली. "बाबांचं पुढच्या सापाला."

"आत्ताच बोल. तोंडानं. मोठ्यानं बोल."

"असं नसतं काकू, पेपर छापावा लागतो—"

"छाप तू निवांत. आदी बोल."

रियाला मजा वाटली. ती उठली, कपडे झटकले, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी उभी राहिली आणि म्हणाली, "याचं नाव भाविक!"

गोडाऊन मोठं होतं. नाव मागच्या भिंतीपर्यंत गेलं. परत यायला मात्र त्याला थोडा जास्तच वेळ लागला.

करिष्माने मामाचा हात सोडला आणि ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

३

रिया कात घेऊन गेली. पेपर येईपर्यंत कोणाला बोलू नको, असं तिने बजावलं. म्हणून भाविकने फक्त गावातल्या लोकांना सांगितलं.

घरात सगळं पहिल्यासारखं चालू होतं. सकाळी शटर, दुपारी जेवण, संध्याकाळी गाड्यांच्या हिशोबाची भांडणं. एक गोष्ट सोडून, आणि ती लक्षात यायला भाविकला बरेच दिवस लागले, कारण ती होत नव्हती. न होणारी गोष्ट चटकन दिसत नाही.

त्याला कोणी नावाने हाक मारत नव्हतं.

आक्का "ए" म्हणायची. दाजी "अरे" म्हणायचे, किंवा नुसतेच घसा खाकरायचे. करिष्मा आधी भाविकमामा म्हणायची, आता नुसतं मामा. महादूसुद्धा एक दिवस "शेठ" म्हणाला. महादू आजवर त्याच्या बापालाही शेठ म्हणाला नव्हता.

भाविकला वाटलं, जमलंय यांना. इतकी वर्षं आपण सगळ्यांना छळलं, आता सगळ्यांनी मिळून डाव टाकलाय. त्याला रागाच्या आधी अभिमान वाटला. शेवटी शिकवलं कोणी यांना?

मग त्याने उलटा डाव टाकला. नावाने हाक मारल्याशिवाय ओ द्यायची नाही.

"ए, जेवायला चल," आक्का.

भाविक टीव्ही बघत राहिला.

"तुलाच बोलते."

भाविकने मागे वळून बघितलं, जसं काही मागे दुसरा कोणी बसलाय. आक्काने पळी आपटली. ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं आणि ती आत गेली. नाव काही तोंडातून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाविकच वैतागला. प्रॅंकचा नियम असतो, कोणीतरी शेवटी हसायचं असतं. इथे कोणी हसतच नव्हतं.

एकदा करिष्मा विसरली. दारातून आनंदाने ओरडली, "भाविक—" आणि आक्काने स्वयंपाकघरातून धावत येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. पिठाचा हात. करिष्माच्या तोंडावर पाच पांढरी बोटं उठली. दोघी बोळीकडच्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. भाविकने पण कान लावला. भिंतीपलीकडे कोणीतरी जड तागा ओढत नेल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"महादूकाका असेल," भाविक म्हणाला.

"असंल," आक्का म्हणाली.

महादू त्या दिवशी काल्हेरला माल उतरवायला गेलेला. हे भाविकला आठवलं, पण जेवताना. आणि ताटात बोंबील होते, त्यामुळे त्याने ते परत विसरायचं ठरवलं.

एक गोष्ट मात्र चांगली झालेली. आईच्या नावाचं दुपारचं ताट आता रिकामं यायला लागलं. चाटूनपुसून. आक्का घासायलाही घ्यायची नाही, नुसतं पाणी मारायची.

४

उन्हाळा लागला तेव्हा भाविकने ऑनलाईन बूट मागवले. पेपर छापून आला की रियाच्या संस्थेत कार्यक्रम होईल, फोटो निघतील, चप्पल घालून कसं जायचं? तो वज्रेश्वरीला मित्राच्या साखरपुड्याला गेलेला असताना मोबाईलवर मेसेज आला. पार्सल पोचलं. कोणी घेतलं, तिथे लिहिलेलं: भाविक.

त्याने डिलिव्हरीवाल्याला फोन लावला.

"भैया, मेरा पार्सल किसको दिया?"

"आपही को तो दिया, भाविक भाई."

"मैं तो वज्रेश्वरी में हूं."

पलीकडे बाईकची धडधड बंद झाली.

"भाई, मज़ाक मत करो. गोडाऊन के पीछे वाले दरवाज़े पे गया मैं. आवाज़ दी, भाविक भाई. अंदर से आपने 'ओ' बोला. मैं बोला, बाहर आओ, पार्सल है. आप फिर 'ओ' बोले. बस 'ओ', 'ओ'. धूप इतनी थी, मैं बॉक्स रख के निकल गया. आपकी तबीयत ठीक है ना?"

"क्यों?"

"आवाज़ बहुत नीचे से आ रही थी. जैसे ज़मीन पे लेट के बोल रहे हो."

भाविकने मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"फाइव स्टार दे देना, भाई," डिलिव्हरीवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

महादूच असणार, भाविकने स्वतःला सांगितलं. म्हातारा शिकला बरं का. परत आल्यावर तो सरळ बोळीत गेला. बॉक्स मागच्या दाराशीच होता. टेप तशीच, उघडलेला नव्हता. पण चारी बाजूंनी चेपून मधे बारीक झालेला, कोणीतरी दोरी करकचून आवळावी तसा. दोरी कुठे नव्हती. त्याने बॉक्स फाडला. आत बूट होते, पिळलेल्या फडक्यासारखे.

त्याने फोटो काढला. परतावा मागायच्या कारणांमध्ये यातलं एकही कारण बसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्याने महादूला धरलं. "काका, खरं सांग, आत बसून ओ दिलीस ना?"

महादू तंबाखू मळायचा थांबला. "कोनाच्या नावाला?"

"माझ्या."

महादूने चप्पल घातली. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला आला नाही. फोन लावला तर त्याची सून म्हणाली, बाबा गुडघे दुखतात म्हणून पडलेत. मागून महादूचा आवाज आला, "इचार त्याला, कुठनं बोलतो," आणि फोन कट झाला.

५

भर मे महिन्यात रियाचा फोन आला. ती ओरडतच होती. "आला! पेपर आला! छापलंय तुझं नाव! आता तू मेलास तरी नाव राहणार, कळलं का?"

भाविक तेव्हा रस्त्यावर रसाच्या गाडीपाशी उभा होता. अर्धा ग्लास तसाच टाकून तो निघाला. आक्काला सांगायचं. बास झाला डाव, आता तरी नावाने हाक मार, छापून आलंय.

लाईट गेलेली. गोडाऊनमधले मोठे पंखे बंद पडले होते, आजूबाजूच्या गाळ्यांतलं सगळं थंड. एवढी शांतता दापोड्यात कधी नसते. आणि त्या शांततेत त्याला ती हाक ऐकू आली.

"भाविक... ए भाविक... ये रे बाला, जेवायला ये."

आक्काचा आवाज. पण लहानपणीचा. ताप आल्यावर, परीक्षेत नापास झाल्यावर वापरायची तो. भाविक जागच्या जागी थांबला. त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणी पण. संपलं एकदाचं. तो पळत बोळीत शिरला.

आक्का मागच्या दाराशी उभी होती. पाठ त्याच्याकडे, तोंड गोडाऊनच्या काळोखाकडे. हातात ताट. खाडीतल्या निवट्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. त्याच्या आवडीचं. घरात आक्काने ते कित्येक महिन्यांत केलं नव्हतं.

"भाविक," ती परत म्हणाली.

भाविकने तोंड उघडलं. त्याच्या आधी आतून ओ आली.

त्याचाच आवाज. सर्दी झाल्यावर त्याचा आवाज जरा बसतो, तसा बसलेला. खालून, जमिनीलगत.

आत ताग्यांची रांग होती. रोजची. खालचा पहिला, दुसरा, तिसरा. भाविकला सगळे पाठ होते. भिंतीलगत सगळ्यात खाली एक जास्त होता, त्याने कधी न मागवलेला, करड्या रंगाचा. भाविक त्याच्याकडे बघत राहिला. त्या ताग्याच्या टोकाला एक पापणी होती. ती सावकाश मिटली. आणि उघडली, थेट त्याच्याकडे, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी.

आक्काने ताट खाली ठेवलं, आत ढकललं, दार ओढून घेतलं. मग ती वळली आणि भाविकला बघून दचकली नाही. फक्त पदराने हात पुसले.

"आक्का, ते..."

"हळू बोल."

"तू माझ्या नावाने त्याला..."

"आईच्या नावानं किती वर्सं येत व्हतं. मंग त्या नावाला येईना. ताट तसंच ऱ्हायाचं. आनि त्या दिशी तूच बोललास, तोंड शटरकडं हाय. म्हंजे घराकडं आलं ते. त्या भिताडाला करिष्मा झोपते." तिने अजून त्याच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. "नाव लागतं त्याला. नाव दिलं का ते घरात न्हाय येत, बोलावलं का ताटाला येतं. मंग कोनाचं देऊ? पोरीचं देऊ?"

भाविकला वाटलं आपण काहीतरी म्हणायला पाहिजे. पोरीचं नको, हे बरोबरच होतं. तो स्वतःही तेच म्हणाला असता. विचारलं असतं तर.

"मला विचारायचंस ना."

"इचारलं असतं तर तू मस्करी केली असतीस."

हेही बरोबर होतं.

"आई कशाने गेली, आक्का?"

आक्काने दाराची कडी ओढून बघितली. तिच्याकडे बघताना भाविकला एक जुनी गोष्ट आठवली. आईचं नाव काशी हे त्याला कळलं ते आई गेल्यावर, आक्का दुपारी हाका मारायला लागली तेव्हा. त्याच्या आधी घरात कोणी आईला नावाने बोलावलेलं त्याला आठवत नव्हतं. बापसुद्धा "ए" म्हणायचा.

"तुला मान पन मिळाला," आक्का म्हणाली. "समद्या जगात नाव झालं." आणि त्याच्या अंगाला अंग लागू न देता, भिंतीला घासत, ती त्याच्या बाजूने निघून गेली.

६

भाविकने गेटपाशी उन्हात उभं राहून रियाला फोन लावला.

"नाव बदल."

"काय?"

"सापाचं नाव बदल. कोंडूकाकांचं दे. नको, त्यांचं नको. कोणाचंच देऊ नको. नंबर दे काहीतरी."

"अरे, बरा आहेस ना? छापलं रे आता. एकदा दिलेलं नाव मागे घेता येत नाही. नियमच आहे तसा, जगभर. चूक असली तरी तेच राहतं." ती हसली. "आता तूच बदल नाव, पाहिजे तर."

त्याने थोडा वेळ त्यावर खरंच विचार केला. काय ठेवायचं? मनातल्या मनात दोनचार नावं लावून बघितली. एकही अंगाला बसेना. सगळी दुसऱ्याच्या शर्टासारखी.

"रिया, एकदा मला हाक मार ना. नावाने."

"भाविक," रिया म्हणाली. "झालं? काय रे?"

फोनवरच म्हणाली ती. स्पीकरही चालू नव्हता. तरी गोडाऊनच्या आतून, बंद शटरच्या पलीकडून, ओ आली. आता आवाज बसलेला नव्हता. छान मोकळा झालेला.

"हे तूच बोललास का? लांबून आल्यासारखं वाटलं," रिया म्हणाली.

त्याने फोन बंद केला, खिशात टाकला आणि न धावता घराकडे चालायला लागला. बोळीतून नाही, बाहेरून, वळसा घालून. शटर आतून कोणीतरी हळूच दाबून बघावं तसं एकदा कुरकुरलं. तो मागे न बघता चालत राहिला. घर त्याच्या बापाचं. दारावर त्यानेच लहानपणी खिळ्याने कोरलेला एक भोपळ्यासारखा माणूस अजून होता. दिवसा हे दार कधीच बंद नसायचं. आता बंद होतं.

त्याने दार वाजवलं.

आत पावलं आली, थांबली.

"कोन हाय?" करिष्माचा आवाज.

"अगं मी."

"मी कोन?"

"मामा. उघड लवकर."

आत कुजबूज झाली. आक्काचा आवाज त्याने ओळखला, शब्द पण ओळखले. "नाव इचार."

"कुठला मामा?" करिष्माने विचारलं. आवाज रडवेला होता, पण विचारलं तिने. "नाव सांग."

"करिष्मे, आधार कार्ड खालून सरकवू का?" भाविक म्हणाला. एरवी ती हसली असती. आत दाजींनी घसा खाकरला. तिघंही होते, दाराला अंग लावून. त्याला कळत होतं ते काय करतायत. ते आपल्या तोंडाने बोलणार नव्हते. ते त्याच्या तोंडाने बोलवून घेत होते, म्हणजे जनावर जिकडे आवाज आला तिकडे येईल. भिंतीकडे नाही. दाराबाहेर.

मागे, पायरीच्या खाली, कोणीतरी जड तागा ओढत आणून ठेवला. मागे बघितलं नाही तर तो महादू आहे असं म्हणता येत होतं.

"नाव सांग ना मामा," करिष्मा आता खरंच रडत होती. "मग उघडते. आईची शप्पथ."

आईची शप्पथ. भाविकने डोळे मिटले. कदाचित उघडतीलही. शेवटी कोणीतरी हसायचं असतं.

"भाविक," तो म्हणाला.

"ओ," मागून उत्तर आलं, अगदी मानेजवळ, आणि आत करिष्माने दुसरी कडी लावली.